माशांचे खाद्य : घरची पेंड की बाजारची गोळी?

मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा मिळाला. पण टाकीतल्या माशाच्या तोंडी जाणाऱ्या घासाचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही. ‘सेंद्रिय’ आणि ‘घरगुती’ हे दोन शब्द सध्या सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील शेतकऱ्याला ही गल्लत महागात पडू शकते.

आळे (ता. जुन्नर) - राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषी क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतीच्या दराने वीज, किसान क्रेडिट कार्डावर कर्ज आणि विम्याचे संरक्षण मत्स्यशेतकऱ्यालाही मिळावे, असा त्यामागचा हेतू आहे. त्याआधी २०२० साली केंद्राने २० हजार ५० कोटी रुपयांची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना जाहीर केली होती. पुनर्वापर पद्धतीच्या टाक्या, बायोफ्लॉक, तलाव यांना या योजनेत सर्वसाधारण गटासाठी खर्चाच्या ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के अनुदान ठेवण्यात आले. साहजिकच शेतात किंवा घरामागे टाकी बांधून मासे वाढवावेत, त्याच पाण्यावर भाजी काढावी, या कल्पनेने अनेकांच्या मनात घर केले आहे. या पद्धतीलाच अॅक्वापोनिक्स म्हणतात. जमीन नको, खत नको, पाणी अगदी थोडे, असे तिचे वर्णन केले जाते. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. टाकी, पंप आणि पाइप एकदाच विकत घ्यावे लागतात. खाद्य मात्र रोज लागते, आणि मत्स्यशेतीच्या चालू खर्चाचा निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा खाद्यावरच जातो. ‘हे खाद्य घरीच तयार करता येणार नाही का,’ हा प्रश्न म्हणूनच शेतकरी प्रथम विचारतो.

पाणी आहे, माल आहे

या प्रश्नाचा विचार करायला आळे परिसर अनेक अर्थांनी योग्य आहे. संत ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले त्या रेड्याची समाधी म्हणून वारकऱ्यांना हे गाव ठाऊक आहे; तर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग जेथे मिळतात तो आळेफाटा व्यापाऱ्यांना परिचित आहे. येथे कांद्याचे लिलाव होतात, दुभत्या गाईंचा बाजार भरतो. थोड्या अंतरावर नारायणगावची टोमॅटोची बाजारपेठ आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पाने या भागाला पाणी दिले. पण पूर्वेला आणे पठाराकडे सरकावे तसे ते विरळ होत जाते. त्यामुळे प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली शेततळी ही येथील शेतीची गरज बनली. ‘मागेल त्याला शेततळे’ ही राज्य सरकारची २०१६ ची योजना. तीत तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशा तळ्यासाठी कमाल ५० हजार रुपयांचे अनुदान होते.

म्हणजे साठविलेले पाणी आहे, दुभत्या जनावरांमुळे पेंड आणि मक्याचा भरडा घरोघर आहे, पश्चिम पट्ट्यातील भातगिरण्यांचा कोंडा आहे आणि बाजारात रोज फेकला जाणारा भाजीपालाही आहे. टोमॅटो-कांद्याच्या भावाचे चढउतार या भागाने भरपूर सोसले आहेत. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचे वीस किलोचे क्रेट दोन हजार रुपयांच्या वर गेले होते. एरवी तोच माल रस्त्याकडेला ओतून देण्याची वेळही शेतकऱ्यावर येते. अशा शेतकऱ्याला माशांच्या रूपाने जोडउत्पन्न हवे असेल, आणि त्यासाठी बाहेरून गोणी विकत आणण्याऐवजी गोठ्यातील पेंड वापरावीशी वाटत असेल, तर त्यात गैर काहीच नाही. प्रश्न इतकाच, की ही पेंड नेमकी कोणत्या पाण्यात पडणार आहे?

खाद्य हेच खत

अॅक्वापोनिक्समध्ये मासा खाद्य खातो. खाद्यातील नत्राचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा त्याच्या अंगी लागतो. उरलेला बहुतांश भाग अमोनियाच्या रूपाने पाण्यात येतो. अमोनिया माशाला विषारी असतो. गाळणीच्या खड्यांवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि नंतर नायट्रेट करतात. हे नायट्रेट भाजीची मुळे शोषून घेतात आणि पाणी स्वच्छ होऊन पुन्हा माशाकडे जाते. थोडक्यात, टाकीत टाकलेली खाद्याची मूठ ही माशाचे अन्न आणि भाजीचे खत, असे दुहेरी काम करते.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये लहान अॅक्वापोनिक्ससाठी जी मार्गदर्शिका काढली, तीत याचे सोपे प्रमाण दिले आहे. पालेभाजीच्या एका चौरस मीटर वाफ्यामागे रोज ४० ते ५० ग्रॅम आणि टोमॅटो-मिरचीसारख्या फळभाजीमागे ५० ते ८० ग्रॅम खाद्य टाकीत पडले पाहिजे. दहा चौरस मीटर पालेभाजी घ्यायची, तर रोज सुमारे साडेचारशे ग्रॅम खाद्य लागते. वर्षाचे झाले दीडशे ते एकशे ऐंशी किलो. वजनाच्या दीड ते दोन टक्के या हिशेबाने त्यावर पंचवीस किलोच्या आसपास मासे पोसले जातात. हे खाद्य निकृष्ट असेल तर मासा खुरटतो, न खाल्लेला चुरा गाळणीत अडकून कुजतो, अमोनिया वाढतो आणि भाजीही पिवळी पडते. शेतात खत कमी पडले तर पीक कमी येते. येथे खाद्य बिघडले तर मासा आणि भाजी दोन्ही एकदम संकटात येतात.

भाव ठरतो दूरवर

बाजारातील तरंगते गोळी खाद्य या दृष्टीने सोयीचे असते. त्यात प्रथिने, स्निग्धांश, खनिजे आणि जीवनसत्त्वे ठरलेल्या प्रमाणात असतात. गोळी पाण्यावर तरंगत असल्याने मासा किती खातो ते दिसते. भारतीय मानक ब्यूरोने २०१४ मध्ये रोहू-कटला वर्गातील माशांच्या खाद्यासाठी मानकही ठरवून दिले. अडचण आहे ती किमतीची, आणि ही किंमत शेतकऱ्याच्या हाती नाही.

या खाद्याचे मुख्य घटक म्हणजे सोयापेंड, मका, कोंडा आणि काही प्रमाणात मासळीची पूड. सोयापेंडीचे भाव २०२१ मध्ये इतके भडकले, की त्या वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारला जनुकबदल केलेल्या सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीला परवानगी द्यावी लागली. पुढे इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली आणि एरवी मका निर्यात करणारा भारत २०२४ मध्ये निव्वळ आयातदार ठरला. त्याच इथेनॉल कारखान्यांतून निघणारा प्रथिनयुक्त चोथा पशुखाद्यात शिरला, आणि सोयापेंडीची मागणी घटून सोयाबीनचे भाव हमीभावाच्या खाली राहण्याचे तेही एक कारण ठरले. हा चोथा स्वस्त असला तरी मूळ मक्यात बुरशीचे विष असल्यास ते चोथ्यात जवळजवळ तिप्पट तीव्र होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. मासळीच्या पुडीची कथा आणखी दूरची आहे. पेरूने २०२३ मध्ये अँकोव्ही मासेमारीचा पहिला हंगाम रद्द केला, तेव्हा जगभर या पुडीचे भाव वधारले. २०२४ आणि २०२५ च्या अर्थसंकल्पांत केंद्राने मत्स्यखाद्य आणि त्याच्या काही घटकांवरील आयातशुल्क पाच टक्क्यांवर आणले. पण त्यांतून मोठा दिलासा मिळाला तो निर्यातीच्या कोळंबीला. गोड्या पाण्यातील रोहू-कटल्याला मासळीच्या पुडीची गरज मुळातच कमी असते. वनस्पतिजन्य पेंडीवर तो चांगला वाढतो आणि घरगुती खाद्याची शक्यता येथूनच सुरू होते.

पेंड आणि कोंड्याचे गणित

शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात, ही भारतीय मत्स्यशेतीतील सर्वांत जुनी कृती होय. घाणीच्या शेंगदाणा पेंडीत सुमारे ४२ टक्के, तर भाताच्या कोंड्यात सुमारे १२ टक्के प्रथिने असतात. दोन्ही अर्धे-अर्धे घेतले तर मिश्रणात २७ टक्के प्रथिने येतात. ३० टक्के हवी असतील तर ६० किलो पेंडीला ४० किलो कोंडा घ्यावा. रोहू, कटला आणि तिलापिया या माशांना वाढीच्या काळात साधारण २५ ते ३२ टक्के प्रथिने लागतात, त्यामुळे कागदावर तरी हे मिश्रण पुरेसे ठरते.

आता पैशांचे पाहू. समजा, पेंड ४५ रुपये आणि कोंडा १८ रुपये किलो मिळाला. तर वरील मिश्रण ३४ रुपये किलो पडेल. बाजारातील गोळी समजा ५० रुपयांना आहे. वरवर पाहता घरचे खाद्य सोळा रुपयांनी स्वस्त झाले. परंतु मत्स्यशेतीत खरा हिशेब खाद्याच्या किलोचा नसून माशाच्या किलोचा असतो. चांगली गोळी दीड किलो घातली की मासा एक किलोने वाढतो, म्हणजे खाद्याचा खर्च ७५ रुपये. घरचे मिश्रण दोन किलोत तेच काम करीत असेल तर खर्च ६८ रुपये, अडीच किलो लागत असेल तर ८५ आणि भुकटीच्या रूपात उधळून तीन किलो लागत असेल तर तब्बल १०२ रुपये. भाव बदलतील, पण नियम बदलणार नाही. घरच्या खाद्याचा फायदा ते किती स्वस्त बनले यापेक्षा त्यातील किती माशाच्या पोटात गेले यावर ठरतो.

म्हणूनच मिश्रण भिजवून, शिजवून, थोड्या गव्हाच्या पिठाने बांधून शेवयांच्या यंत्रातून काढणे आणि सावलीत वाळवणे ही खटपट आवश्यक असते. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडथळा आणणारे घटक असतात, ते उष्णतेने नष्ट होतात. तेव्हा सोयाबीन न भाजता वापरणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. सरकी पेंडीतील गॉसिपॉल माशाला अपायकारक असल्याने तिचे प्रमाण मर्यादितच हवे. शेंगदाणा पेंड पावसाळ्यात दमट जागी राहिली तर अफ्लाटॉक्सिनची बुरशी धरते आणि ताजा कोंडा काही दिवसांतच खवट होतो. गाईसाठी आणलेली गोळी पेंड माशांना टाकण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. तीत मीठ असते, काही वेळा युरियाही असतो. युरिया गाईच्या पोटात पचतो, माशाच्या नाही. आणि मीठ अॅक्वापोनिक्सच्या पाण्यात साठत जाऊन भाजीची मुळे खराब करते.

तळे वेगळे, टाकी वेगळी

घरगुती खाद्याविषयीच्या बहुतेक चर्चा येथेच थांबतात आणि घोटाळाही येथेच होतो. पेंड-कोंड्यावर मत्स्यशेती यशस्वी झाल्याचे सर्वांत मोठे उदाहरण आंध्र प्रदेशातील कोल्लेरू सरोवराच्या परिसरात आहे. तेथील शेतकऱ्यांनी अनेक वर्षे तेल काढलेला भाताचा कोंडा आणि पेंड भोके पाडलेल्या पिशव्यांत भरून तळ्यात बांबूला टांगली. मासे पिशवीला तोंड लावून खातात आणि चुरा वाया जात नाही. त्या जोरावर आंध्रची रोहू-कटला देशभरातील बाजारांत पोहोचली. पण ही तळी मातीची आहेत. त्यांत शेणखत पडते, पाणी हिरवे होते, त्यात सूक्ष्म वनस्पती आणि सूक्ष्म जीव वाढतात. मासा पिशवीतून पोट भरतो आणि पाण्यातून जीवनसत्त्वे, खनिजे व उत्तम प्रथिने मिळवितो. पेंड-कोंडा हा तेथे पूरक आहार असतो. ताटातील अर्धे अन्न पाणीच वाढते.

अॅक्वापोनिक्सच्या टाकीतील पाणी मुद्दाम स्वच्छ ठेवलेले असते. त्यात शेवाळ नको, गाळ नको. साहजिकच तेथे निसर्गाने वाढलेले काहीच नसते. माशाला ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही. ते खाद्यातून मिळाले नाही तर काही आठवड्यांत त्याचा कणा वाकतो, जखमा भरत नाहीत. घरी शिजविलेल्या खाद्यातील ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने बहुतांशी निघून जाते. म्हणजे आंध्रच्या तळ्यात ज्या मिश्रणावर मासा दणकट होतो, त्याच मिश्रणावर तो आळ्याच्या टाकीत आजारी पडू शकतो. कृती चुकलेली नसते. पाणी बदललेले असते.

अस्तराचे शेततळे या दोहोंच्या मध्ये येते. तळाला माती नसल्याने त्यात नैसर्गिक अन्न कमी तयार होते. त्यातही शेतकऱ्याची एक पंचाईत आहे. माशासाठी पाणी हिरवे हवे, तर ठिबक सिंचनासाठी ते नितळ हवे. शेवाळ ठिबकच्या गाळण्या आणि नळ्या बुजवते. पाणी ज्या पिकासाठी साठविले त्या कांद्याला किंवा द्राक्षाला प्राधान्य मिळणे स्वाभाविक आहे. तेव्हा पाणी नितळ ठेवणाऱ्या शेतकऱ्याने आपले तळे ‘टाकी’ समजूनच खाद्याचा हिशेब करावा, आणि पाणी हिरवे ठेवू शकणाऱ्याने पेंड-कोंड्याचा लाभ निःशंकपणे घ्यावा.

अझोला, अळ्या आणि भाजीपाला

गोठ्याजवळ अझोला वाढविण्याची पद्धत दुग्धव्यावसायिकांना परिचित आहे. वाळविलेल्या अझोलात २० ते २५ टक्के प्रथिने असतात आणि हा आकडा पाहून तो माशांच्या पूर्ण आहाराचा पर्याय म्हणून सुचविला जातो. मात्र ताज्या अझोलात ९३ टक्के पाणीच असते. एक किलो ताज्या अझोलातून जेमतेम १६ ग्रॅम प्रथिने मिळतात. दहा चौरस मीटर भाजीच्या वर उल्लेखिलेल्या संचाला रोज १३५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे रोज आठ किलोहून अधिक अझोला हवा. चौरस मीटरमागे रोज दोनशे ग्रॅम उत्पादन धरले, तर त्यासाठी चाळीस चौरस मीटरहून मोठा अझोलाचा वाफा लागेल. भाजीच्या वाफ्याच्या चौपट! शिवाय पंचवीस किलो मासे रोज आठ किलो पाला खाऊ शकत नाहीत, ते वेगळेच. अझोला चांगला आहे, पण तो तोंडीलावणे म्हणून. एकूण खाद्याच्या दहा-पंधरा टक्के भाग त्याने भागविला तरी पुष्कळ झाले.

ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांकडून अपेक्षा अधिक आहेत आणि त्या अनाठायी नाहीत. या अळ्या ओल्या कचऱ्यावर वाढतात; शंभर किलो कचऱ्यापासून साधारण दहा ते वीस किलो ताज्या अळ्या मिळतात. वाळविलेल्या अळीत ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात आणि त्यांची प्रत पेंडीपेक्षा सरस असते. युरोपीय संघाने २०१७ पासून मत्स्यखाद्यात कीटकांच्या प्रथिनांना परवानगी दिली. परंतु या अळ्या शेणावर किंवा उपाहारगृहांच्या खरकट्यावर वाढविण्यास मनाई ठेवली. माणसाच्या ताटात येणाऱ्या माशाच्या बाबतीत ही दक्षता आपल्याकडेही शहाणपणाची ठरेल. नारायणगाव आणि आळेफाट्याच्या बाजारांतील टाकाऊ माल या अळ्यांना घालता येईल. मात्र नुसत्या टोमॅटोत पाणीच फार. त्यात कोंडा किंवा भुसा मिसळावा लागेल.

भाजीपाला थेट माशांना घालण्याचाही मार्ग आहे. गवत्या मासा हिरवा चारा, कोबीचा पाला, लसूणघास आवडीने खातो आणि त्याच्या विष्ठेवर तळ्यातील इतर मासे पोसले जातात. पण जुन्नरची भाजी ही फवारणीची भाजी आहे, हे विसरून चालणार नाही. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके माशांसाठी अत्यल्प मात्रेतही जीवघेणी असतात. द्राक्षबागेत वापरले जाणारे बोर्डो मिश्रण तांब्यामुळे घातक ठरते. माणूस धुऊन खातो ती पाने टाकीत न धुता पडली, तर एका रात्रीत टाकी रिकामी होऊ शकते. त्यामुळे बाजारातील पाला स्वस्त असला तरी टाकीसाठी तो वर्ज्य, आणि तळ्यासाठी स्वतःच्या न फवारलेल्या शेतातील पालाच योग्य.

सेंद्रिय म्हणजे काय?

शहरी ग्राहकाला ‘सेंद्रिय’ मासा आणि ‘सेंद्रिय’ भाजी हवी असते. त्यासाठी तो दोन पैसे अधिक मोजायलाही तयार असतो. मात्र घरी बनविलेले खाद्य आपोआप सेंद्रिय ठरत नाही. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी खाद्याचा कच्चा मालही प्रमाणित असावा लागतो. रासायनिक द्रावकाने तेल काढलेली सोयापेंड आणि कोंडा, तसेच जनुकबदल केलेल्या पिकांची पेंड या कसोटीला उतरत नाही. भारतातील जवळजवळ सर्व सरकी आज बीटी कापसाची आहे, हे लक्षात घेतले तर घरच्या पेंडीतही अडचण कुठे येऊ शकते ते समजेल.

अॅक्वापोनिक्सच्या भाजीपुढे आणखी एक अडथळा आहे. युरोपीय संघाच्या २०२२ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार मातीशिवाय वाढविलेल्या भाजीला सेंद्रिय म्हणता येत नाही. उलट अमेरिकेत राष्ट्रीय सेंद्रिय मानक मंडळाने २०१७ मध्ये अशा पद्धतींवर बंदी घालण्याची शिफारस अगदी थोड्या मतांनी फेटाळली. एकच भाजी एका देशात सेंद्रिय आणि दुसऱ्या देशात नाही, अशी ही स्थिती आहे. अशा वेळी पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला ‘सेंद्रिय’ हा शिक्का दाखविण्यापेक्षा ‘माशाला काय घातले’ हे स्पष्ट सांगणे अधिक प्रामाणिक ठरेल. ग्राहकानेही शिक्क्याऐवजी हाच प्रश्न विचारायला हवा.

डिंभ्याचा धडा

पाणी आणि खाद्य यांचे नाते समजून घ्यायचे तर शेजारच्या आंबेगाव तालुक्याकडे पाहावे. घोड नदीवरील डिंभे धरणात जुने आंबेगाव बुडाले; तालुक्याला नाव देणारे गावच पाण्याखाली गेले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या आदिवासींनी ‘शाश्वत’ या संस्थेच्या साथीने मच्छीमार सहकारी संस्था उभी केली. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेने त्यांना जलाशयातच पिंजरे बांधून मत्स्यबीज बोटुकलीच्या आकारापर्यंत वाढविण्याचे तंत्र दिले. यामागील विचार सरळ आहे. जिरे लहान असते तेव्हा ते पिंजऱ्यात सुरक्षित ठेवून त्याला खाद्य द्यायचे, आणि ते तगण्याजोगे झाले की जलाशयात सोडायचे. तेथून पुढे धरणाचे पाणीच त्याला पोसते. खाद्याचा खर्च आयुष्याच्या पहिल्या टप्प्यापुरता राहतो, आणि ज्याच्याकडे भांडवल नाही त्यालाही मासेमारी परवडते.

आळ्याच्या शेतकऱ्याकडे डिंभ्यासारखा जलाशय नाही, पण तत्त्व तेच लागू पडते. चांगले, पूर्ण आहाराचे विकतचे खाद्य बोटुकलीच्या काळात वापरावे. कारण तेव्हा ते थोडेच लागते आणि त्याचा परिणाम सर्वाधिक होतो. मासा मोठा झाल्यावर हिरव्या पाण्याच्या तळ्यात पेंड-कोंड्यावर यावे. टाकीत मात्र घरचे खाद्य अर्ध्याहून अधिक नसावे आणि त्यात माशांसाठीचे खनिज-जीवनसत्त्व मिश्रण घालावे. महिन्याला काही मासे तोलून, एक किलो वाढीला किती खाद्य लागले याची नोंद वहीत ठेवावी. दुधाच्या हिशेबाची वही ठेवणाऱ्या घराला हे अवघड नाही.

एकट्याचे काम नव्हे

तरीही सारा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकून भागणार नाही. पेंडीतील प्रथिने आणि बुरशीचे विष तपासण्याची सोय जवळ नसेल, तर घरचे खाद्य हा अंदाजाचा खेळ राहतो. मत्स्य संपदा योजनेत रोज दोन टन क्षमतेच्या छोट्या खाद्यगिरणीसाठी ३० लाख रुपयांचा प्रकल्पखर्च धरलेला होता. अशी गिरणी शेतकरी उत्पादक कंपनीने चालवावी, असे सुचविणे सोपे आहे. पण तिचाही हिशेब मांडला पाहिजे. वर्षाचे तीनशे दिवस चालली तर ती सहाशे टन खाद्य काढील. दोन किलोला एक किलो या दराने त्यावर तीनशे टन मासे व्हायला हवेत. एका शेततळ्यातून अर्धा टन मासे निघाले असे मानले, तरी सहाशे तळ्यांचे गिऱ्हाईक लागेल. म्हणजे गिरणी एका गावाची नव्हे, तर जुन्नर आणि आंबेगाव मिळून, कदाचित पारनेर-संगमनेरपर्यंतच्या पट्ट्याची असावी लागेल. दोन महामार्गांच्या तिठ्यावरील आळेफाटा त्यासाठी सोयीचा आहे. नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र स्थानिक कच्च्या मालाची तपासणी आणि प्रमाणे ठरविण्याचे काम हाती घेऊ शकते. अनुदानाचे मापही बदलायला हवे. आज टाकी बांधली की अनुदान मिळते. त्या टाकीतून दुसऱ्या वर्षीही मासा निघाला का, हे कोणी पाहत नाही.

शेतीचा दर्जा मिळाल्याने मत्स्यशेतकऱ्याची वीज स्वस्त होईल, कर्ज सुलभ होईल. पण शेतीचा दर्जा म्हणजे शेतीची जोखीमही आलीच. कांदा-टोमॅटोच्या भावाने होरपळलेला शेतकरी टाकीकडे वळतो तो स्थैर्याच्या आशेने. त्याला पेंडीच्या आणि गोळीच्या भावाचे नवे ओझे द्यायचे नसेल, तर टाकी विकणाऱ्यांनी आणि अनुदान वाटणाऱ्यांनी खाद्याचा हिशेब त्याला आधीच, आणि पूर्ण, सांगितला पाहिजे. घरचे खाद्य हे या हिशेबातील उपयुक्त साधन आहे. मात्र तळ्यात तारणारी मूठ टाकीत बुडवू शकते, एवढा भेद आधी ध्यानात घ्यावा लागेल.